घर न विसरणारा मध

ओमानमधल्या रुस्ताकच्या बाजारात त्या शुक्रवारी बकऱ्यांचा लिलाव मध्येच थांबला. बकऱ्या दोरीला तशाच उभ्या, लिलाववाला घसा खाकरत वाट बघत उभा, आणि घेणारे-विकणारे सगळे खमीसच्या मधाच्या दुकानापुढे टाचा उंचावून जमले होते. पुढच्यांना एक पांढरी थाळी दिसत होती. मागच्यांना पुढच्यांच्या टोप्यांशिवाय काही दिसत नव्हतं, पण "सुब्हानल्लाह" म्हणण्यात तेही कमी पडत नव्हते.

खमीसने थाळीत दोन चमचे मध पातळ पसरला, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला.

"मी हात लावत नाही, फुंकर मारत नाही," तो म्हणाला. "पाणी तुमचं, हात तुमचा. या हाजी, तुमच्याच बाटलीतलं ओता."

म्हाताऱ्या हाजींनी घाबरत घाबरत पाणी ओतलं आणि खमीसने सांगितलं तशी थाळी डावीकडे-उजवीकडे हलकेच झुलवली. चार-सहा झोके झाले असतील. मधाच्या अंगावर रेषा उमटायला लागल्या. एक खण, त्याला चिकटून दुसरा, मग वीस-पंचवीस, सगळे सहा बाजूंचे, हुबेहूब मधमाशीच्या पोळ्यासारखे. हाजींचे डोळे पाण्याने भरले.

मग खमीसची जीभ सुटली. हा मध जन्मला कुठे, तर पोळ्यात. पोळ्यातून ओरबाडला, बाटलीत कोंबला, पाण्यात बुडवला, तरी घर विसरला का? नाही विसरला. भेसळीच्या पाकाला मुळात घरच नाही, तो आठवणार काय कपाळ! आणि जो मध स्वतःचं घर विसरत नाही, तो तुमच्या पोटात गेल्यावर स्वस्थ बसेल का? साखरेचा आजार म्हणजे तरी काय, साखरेचं करायचं काय ते शरीर विसरलंय. मध त्याला आठवण करून देतो. दवाखान्याच्या गोळ्या शरीराला आणखी विसराळू करतात.

भेसळीच्या पाकाचं नाव घेताना खमीसने समोरच्या दुकानाकडे पाहिलं नाही. अगदी ठरवून पाहिलं नाही, त्यामुळे बाकीच्या सगळ्यांनी पाहिलं.

समोरच्या दुकानात मुहन्ना बसला होता. तोही मधच विकायचा. दोघं सख्खे चुलतभाऊ, मुहन्ना सहा वर्षांनी मोठा, आणि दोन दुकानांच्या मध्ये चार पावलांची बोळ. बघायचं नाही असं ठरवलं तरी मान वळवायला दुसरीकडे जागा नव्हती. मुहन्नाच्या मागे फळीवर मधाच्या बाटल्यांची रांग होती. महिन्याभरापूर्वी होती तेवढीच.

मुहन्नाला खमीसचा हेवा वाटत होता. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही, कारण तो स्वतःही आडवळणाने लपवू शकत नव्हता. खमीस दुबईत अत्तराच्या दुकानात नऊ वर्षं काढून तीन वर्षांपूर्वी आला आणि आल्याबरोबर त्याने उलटंच सगळं सुरू केलं. गिऱ्हाईक आलं की मुहन्ना बाटली पुढे करायचा. खमीस बाटली मागे ओढायचा. "आज नाही, तुमचं नाव लिहून ठेवतो, गुरुवारी या." दिवसाला सातच बाटल्या विकायच्या, आठवा कितीही अजिजी करो. बाटली छोटी, तिच्या गळ्यात खजुरीच्या दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर पोळ्याचा नंबर. मुहन्ना आधी पोट धरून हसला होता. मग त्याचंच नेहमीचं गिऱ्हाईक गुरुवारची वाट बघताना दिसलं तेव्हा हसू आटलं. तीस वर्षांत आपल्याला हे एकदाही सुचू नये, ही गोष्ट त्याला जेवताना, नमाजाला जाताना, मधमाश्यांची पोळी तपासताना सारखी डाचायची. आणि आता त्यावर ही थाळी.

तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून एक बाई बगलेत बाटली घेऊन बाहेर पडली आणि मुहन्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती त्याची थोरली बहीण झुवैना होती.

झुवैना लपूनछपून गेली नाही. सरळ भावाच्या दुकानाशी थांबली आणि रीतीप्रमाणे विचारपूस केली. खबर काय? खबर काही नाही, सगळं खैर. घरचे कसे? खैर. बकऱ्या? खैर. आमच्या इकडे दोन माणसं भेटली की आधी हे झाल्याशिवाय तिसरा शब्द निघत नाही, मग बगलेत बाटली असो नाहीतर बंदूक.

"आपल्या बापाच्या पोळ्यांचा मध इथे पडलाय," मुहन्ना शेवटी म्हणाला, "आणि तू त्याच्याकडून घेतेस?"

"तुझा मध चांगला आहे रे," झुवैना म्हणाली. "पण तुझ्या मधाला काही आठवत नाही."

एवढं बोलून ती निघाली. उजवा पाय जरा जपून टाकत होती, पण मुहन्नाची नजर बाटलीवर खिळलेली, पायाकडे कोण बघतो.

ती बाटली चार-पाच दिवस त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही. बुधवारी दुकान लवकर बंद करून तो घरी गेला, स्वयंपाकघरातली थाळी घेतली आणि स्वतःच्या मधावर पाणी ओतलं. थाळी झुलवली. आणि त्याच्या मधातही खण उमटले, सहा-सहा बाजूंचे, खमीसच्या मधापेक्षा काकणभर सरसच. मुहन्नाला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे बेत आखून टाकला. खमीसची थाळी चिनीमातीची, आपली तांब्याची, हातभर रुंद. खमीसचा मध घर विसरत नाही, आपला मध आजोबांचं घरसुद्धा विसरत नाही. त्याने मुलीला हाक मारली.

मुलगी रय्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिने थाळी पाहिली, बापाचा उजळलेला चेहरा पाहिला आणि फडताळातून खजुराच्या काकवीची बरणी काढली. दुसऱ्या थाळीत काकवी पसरली, वर पाणी, आणि झोका. काकवीतही खण उमटले.

मुहन्नाने दोन्ही थाळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या. मग एकदम त्याचा चेहरा पुन्हा उजळला.

"म्हणजे खमीस काकवी विकतो! मला वाटलंच होतं."

रय्याने मान हलवली. ती म्हणाली की बाबा, तसं नाही. कदाचित त्याचा मध तुमच्या मधाइतकाच अस्सल असेल. यातून एवढंच कळतं की थाळीला काही कळत नाही. खाली दाट आणि जड रस, वर पातळ पाणी. थाळी झुलली की रस ठिकठिकाणी वर येतो आणि पुन्हा खाली बसतो, त्याची लहान लहान वर्तुळं होतात. वर्तुळं दाटीवाटीने एकमेकांना रेटायला लागली की गोल राहत नाहीत, सहा बाजूंची होतात. तबकात मळलेल्या पिठाचे गोळे खेटून ठेवले की तेही असेच दबतात. त्यासाठी माशी लागत नाही, पोळं लागत नाही आणि आठवण तर नाहीच नाही.

खरं सांगायचं तर मुहन्नाचा हिरमोड झाला. त्याला खमीस चोर ठरायला हवा होता, आणि विज्ञान तेवढं करायला तयार नव्हतं. आणि आणखी खरं सांगायचं तर तांब्याच्या थाळीचा बेतही त्याच्या मनातून गेला नव्हता. कुणाला सांगितलं नाही तर कुणाला कळणार होतं? खमीसला सात गिऱ्हाइकं, आपल्याला सत्तर. तो हे तोंडाने बोलला नाही, पण रय्या त्याच्याच घरात वाढली होती.

"बाबा, आत्याने साखरेच्या आजाराच्या गोळ्या बंद केल्यात," ती म्हणाली. "तिच्या पायाला काटा लागलाय. तुम्ही बघितला नाहीत का?"

त्याने बघितला नव्हता. त्याने बाटली बघितली होती.

दोघं झुवैनाकडे गेले. तिच्या अंगणात सिद्राचं जुनं झाड आहे, बोरीच्याच जातीचं आणि बोरीसारखंच काटेरी. ज्या झाडाच्या फुलांवरून मधाला इतका भाव येतो, त्याचाच काटा उजव्या पायाच्या करंगळीत महिन्यापूर्वी घुसला होता. काटा निघाला, जखम मिटली नाही. करंगळी सुजून काळपट झाली होती आणि झुवैना तिला तोच मध लावत होती. रय्याने बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र आणलं होतं. जिथे सात-आठ दिसायला हवं, तिथे बावीस दिसलं, मिलिग्रॅमच्या मोजणीत जवळजवळ चारशे.

झुवैना जराही डगमगली नाही. खमीसने आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या चाळीस दिवसांत साखर वर चढेल, तो आजार उठून बाहेर पडत असतो. तहान लागेल, ती आजाराची तहान. नजर अंधुक होईल, तो आजाराचा धूर. काहीही झालं तरी मधाचा विजयच, अशी खमीसने चोख व्यवस्था करून ठेवली होती. दवाखान्यात चल म्हटल्यावर ती म्हणाली की सदतीस दिवस झाले, आता तीन दिवसांसाठी सगळं वाया घालवू?

मुहन्नाने थाळीचं सांगून पाहिलं. काकवीत खण उमटतात म्हणाला. झुवैनाने भावाकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

"मुहन्ना, लहानपणापासून बघते तुला. खमीसला नवी चप्पल आणली की तुला ताप यायचा. तुझ्या थाळीत काय उमटलं ते मला नको सांगू."

ते खरं होतं. रय्या मात्र आत्याशेजारी बसली. तिने आत्याला सांगितलं की बाबांच्या थाळीवर विश्वास ठेवू नकोस आणि माझ्याही नको. तू लुकैमातच्या गोड भज्यांसाठी पाक करतेस, सगळ्या गल्लीत तुझ्या पाकासारखा दाट पाक नाही. परवा शुक्रवार. तो पाक तू कर, तूच बाजारात आण आणि खमीसकाकांच्या थाळीशेजारी तूच ओत. खण उमटले नाहीत तर आम्ही दोघं पुन्हा हा विषय काढणार नाही.

झुवैना ताबडतोब तयार झाली. ती दोघांसाठी नव्हती तयार झाली. एकदाचं भर बाजारात या भावाचं तोंड बंद होईल म्हणून झाली.

शुक्रवारी बकऱ्यांचा लिलाव पुन्हा थांबला. खमीसने थाळी मांडली होती, हाजी या वेळी स्वतःहून पाण्याची बाटली घेऊन पुढे उभे होते. तेवढ्यात मुहन्ना आपल्या दुकानातून उठला आणि बोळ ओलांडून खमीसच्या दारात गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा. गर्दीला वाटलं आता भांडण, आणि ती आणखी दाटली.

पण आधी खबर. दोघांनी एकमेकांची, एकमेकांच्या बायकांची, मुलांची, बकऱ्यांची, पोळ्यांची खुशाली विचारली. सगळं खैर होतं. चुलतभाऊ दारात आलेला, खमीसला कॉफी पुढे करणं भाग होतं. त्याने खजुराचं ताट ठेवलं, छोट्या पेल्यात कॉफी ओतली. मुहन्नाने पेला घेतला आणि न पिता खाली जमिनीवर ठेवला.

पाहुण्याने पेला न पिता खाली ठेवला याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. तो काही मागायला आलाय, आणि त्याचं काम होईपर्यंत तुमच्या कॉफीला तोंड लावणार नाही. पाहुण्याला तसाच परत पाठवला तर त्या घराची अब्रू गेली. एरवी हे बंद दाराआड, दोन-चार वडीलधाऱ्यांसमोर होतं. खमीसने मात्र स्वतःच्या हाताने अर्धा रुस्ताक गोळा करून ठेवला होता.

"पी, चुलत्याच्या पोरा," खमीस सावधपणे म्हणाला. "काय हवंय ते झालं समज."

"तुझ्या थाळीशेजारी आणखी दोन थाळ्या," मुहन्ना म्हणाला.

खमीसचा चेहरा खुलला. एवढंच? त्याने स्वतः दोन थाळ्या पुसून दिल्या. मुहन्नाने कॉफी संपवली आणि पुरे म्हणून पेला हलवून परत दिला. पहिल्या थाळीत खमीसचा मध, दुसरीत मुहन्नाचा. तिसऱ्या थाळीशी झुवैना आली, पाय ओढत, हातात पाकाची बरणी. तिला बघून खमीसने गर्दीला सांगितलं की ही पाहा, हिला विचारा मधाचा गुण. झुवैनाने ताठ मानेने पाक ओतला. हाजींनी तिन्ही थाळ्यांत पाणी घातलं. तिघांनी थाळ्या झुलवल्या.

खमीसच्या मधात खण उमटले. मुहन्नाच्या मधात खण उमटले. झुवैनाचा हात थांबला. मग तिने थाळी पुन्हा झुलवली, जरा जोरात, जणू खण पुसून टाकायचे होते. ते आणखी ठळक झाले.

"हा पाक मी केलाय," ती म्हणाली. कुणाला सांगत होती कोण जाणे. "काल दुपारी. साखर आणि पाणी. याने माशी बघितलेली नाही."

हाजींनी वाकून तिन्ही थाळ्या पाहिल्या आणि कोणती कुणाची हे त्यांना सांगता येईना. ते दोनदा चुकले. तिसऱ्यांदा त्यांनी बोट बुडवून चाखलं आणि पाकालाच सर्वात घरंदाज मध ठरवलं. बायकांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. रय्याने तिथेच उभं राहून, वर्गात सांगते तसं, दाट-पातळाचं आणि पिठाच्या गोळ्यांचं सांगितलं. पुढे उभ्या असलेल्या निम्म्या बायकांच्या मुली तिच्याकडे शिकत होत्या, त्यामुळे तिला मध्येच तोडायची कुणाची छाती झाली नाही.

खमीस नऊ वर्षं दुबईत उगाच नव्हता राहिला. त्याने सावरून घेतलं आणि मुहन्नाकडे बोट केलं.

"आणि तुझी वाळू, रय्याच्या बापा?"

आता लोक मुहन्नाकडे वळले. वाळू सगळ्यांना माहीत होती. मुहन्ना आणि त्याआधी त्याचा बाप गिऱ्हाइकासमोर बारीक वाळूवर मधाचा थेंब टाकायचे. थेंब वाळूत न झिरपता गोळी होऊन घरंगळला की मध शुद्ध. त्या घरंगळत्या गोळीवर त्यांच्या घराचं नाव साठ वर्षं उभं होतं.

मुहन्ना जिंकला होता. खमीसचं पितळ उघडं पडलं होतं, आणि आत्ता हसून निघून गेला असता तर उद्यापासून सगळं गिऱ्हाईक बोळीच्या या बाजूला आलं असतं. किती वर्षं ज्याची वाट पाहिली ते चार पावलांवर होतं. वाळू त्याने पाकाने कधी तपासली नव्हती. तपासायची कधी हिंमतच केली नव्हती, असं म्हणणं जास्त बरोबर. त्याने रय्याकडे पाहिलं. मग झुवैनाकडे पाहिलं. ती आता थाळीकडे बघत नव्हती. स्वतःच्या पायाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अजून थोडी आशा शिल्लक होती. थाळी खोटी असेल, पण मध खराच असेल, वाळू तर खरी आहे ना, अशी.

तो दुकानातून वाळूचं भांडं घेऊन आला आणि बहिणीच्या बरणीतला पाकाचा थेंब त्यावर टाकला. थेंबाची गोळी झाली आणि घरंगळत भांड्याच्या काठाशी जाऊन थांबली.

"आमच्या बापाला हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मला माहीत करून घ्यायचं नव्हतं."

मागून कुणीतरी चिडून विचारलं की मग मध ओळखायचा तरी कसा. रय्याने सांगितलं की घरबसल्या नाही ओळखता येत. प्रयोगशाळेत येतो. नाहीतर माणूस आणि त्याची पोळी जाऊन बघा. पण मध अस्सल असो की नकली, साखरेच्या रोग्याच्या रक्तात जाऊन तो साखरच होतो, आणि त्यापुढे त्याला काहीही आठवत नाही. झुवैनाने बरणी खाली ठेवली आणि भावाला म्हणाली, गाडी काढ.

करंगळी गेली. डॉक्टर म्हणाले की आठवडाभर उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. झुवैनाच्या गोळ्या सुरू झाल्या, शिवाय रोजचं इंजेक्शन लागलं.

आणि मुहन्नाचा धंदा? बुडाला. लोकांचा थाळीवरचा विश्वास उडाला तसा वाळूवरचाही उडाला, आणि दोन आठवडे दोन्ही भाऊ समोरासमोर माशा मारत बसले. खमीसला बसलेला पाहून मुहन्नाला थोडं बरं वाटायचं, हेही लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक अनोळखी माणूस आला आणि आईसाठी तीन बाटल्या मागितल्या. मुहन्नाने बाटल्या काढल्या, कागदात गुंडाळल्या, आणि सहज विचारलं की आईला साखर तर नाही ना? होती. मुहन्नाने कागद परत सोडवला. दोन आठवड्यांतलं पहिलं गिऱ्हाईक, तेही तीन बाटल्यांचं. तरी त्याने बाटल्या फळीवर ठेवल्या आणि देणार नाही म्हणून सांगितलं. माणूस वाद घालून, चार शब्द सुनावून निघून गेला. तासाभराने दोन मेहुण्यांना घेऊन परत आला. म्हणाला, जो माझ्या आईला विकत नाही, त्याच्याकडून मी माझ्या मुलांसाठी घेणार.

त्या दिवशी मुहन्नाच्या डोक्यात प्रकाश पडला. खमीसही गिऱ्हाइकाला नाहीच म्हणायचा, पण त्याचा नकार खोटा होता. खरा नकार कुणी विकून पाहिलाच नव्हता. त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: मध गोड आहे. मधाने आजार जात नाही. साखरेचा आजार असणाऱ्यांना इथे मध मिळणार नाही. पाटीखाली दोन थाळ्या आणि झुवैनाच्या पाकाची बरणी. कुणीही यावं, ओतून बघावं. ज्याला पोळी बघायची असतील त्याने गुरुवारी सकाळी त्याच्यासोबत वादीत, डोंगरातल्या कोरड्या ओढ्याच्या पात्रात, चलावं, तिथे खजुराच्या पोकळ ओंडक्यांतली पोळी तो सगळ्यांसमोर उघडायचा. पहिल्या गुरुवारी चार माणसं आली, महिन्याभरात दोन गाड्या भरून यायला लागल्या. चार जणांना माशा चावल्या, तर त्या चौघांनी सगळीकडे सांगितलं की माशा खऱ्या आहेत. हिवाळ्याचा सिद्राचा मध निघाल्या-निघाल्या संपला. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

आणि मग एका शुक्रवारी मुहन्नाने दुकान उघडलं तर समोर खमीसने पाटी लावलेली. तेच शब्द, त्याच क्रमाने. फक्त अक्षरं दुप्पट मोठी आणि कडेला सोनेरी नक्षी.

मुहन्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झुवैना त्याच्या दुकानात बसली होती, नवे रुंद बूट घालून, बिनसाखरेची कॉफी घेत. तिच्यासमोर त्याने खमीसचा उद्धार सुरू केला. चोर, नकल्या, माझी पाटी, माझी कल्पना, मी रंगवलेली, आणि वर नक्षी!

झुवैनाने पेला संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"माझी करंगळी गेली," ती म्हणाली, "तेव्हा तुला एवढा राग आला नव्हता."

बोळीपलीकडे खमीस एका म्हातारीला हात जोडून सांगत होता की आजी, तुम्हाला साखर आहे, तुम्हाला मी देणार नाही. मनातून सांगत होता की पाटीपुरतं, देव जाणे. म्हातारी बाटली न घेता परत निघाली होती, आणि तिची दोन्ही पावलं शाबूत होती. मुहन्नाने बराच वेळ तिच्या पावलांकडे पाहिलं. हेवा त्याचा गेला नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. पण पाटी उतरव म्हणून तो खमीसकडे कधी गेला नाही.

चमत्कार दाखवणारा नेहमी एकच थाळी दाखवतो. एकट्या थाळीत जे उमटतं ते खरंच वाटतं, कारण शेजारी काही नसतं. तेव्हा पुढे कुणी तुमच्यासमोर थाळी मांडली, आणि मांडणारा कितीही गोड बोलणारा, कितीही जवळचा असला, तरी त्याच्याकडे दुसरी थाळी मागा. तिच्यात तुम्ही स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी ओता. त्याला राग आला तर येऊ द्या. आणि तोवर दवाखान्याची गोळी बंद करू नका. झुवैनाची बरणी रुस्ताकला मुहन्नाच्या दुकानात अजून ठेवलेली आहे. पाक संपत आला की ती नवा करून आणते.